आत म्हणजे कोरडं

काल संध्याकाळी निघताना गुंजननं सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसोबत जाणाऱ्या टिपणात चार वाक्यं लिहून ठेवली होती. आज सकाळी त्या जागी एकच ओळ होती : ‘किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा’. अर्थात इंग्रजीत, इथून बाहेर जाणारं सगळं इंग्रजीतच जातं. तिला आधी वाटलं, आपणच सेव्ह करायला विसरलो. मग तिनं कुणी काय बदललं ते उघडून पाहिलं. बदल जितेंद्र सरांनी केला होता, ती ऑफिसच्या बसमध्ये वर्धा रोडच्या सिग्नलला अडकली होती तेव्हा. चार वाक्यं पुसायला माणसाला लागतं काय, एक बोट. तिच्या कानशिलापाशी काहीतरी तापलं. नागपूरबाहेर मिहानमधल्या या इमारतीत एसी इतका कडक असतो की मे महिन्यात बायका शाली पांघरून कामं करतात, तरी तापलं. रोज फोनमधलं कुठलं ना कुठलं ॲप स्वतःला बदलतं आणि खाली हीच ओळ लिहितं. जगात सगळीकडे सतत काहीतरी किरकोळ बिघडलेलं असतं आणि ते किरकोळ दुरुस्त होतं. काय बिघडलं होतं, कुणाला त्रास झाला, हे कुणी विचारत नाही. तिनंही कधी विचारलं नव्हतं. पण ही चार वाक्यं तिची होती आणि त्यातलं एकही किरकोळ नव्हतं.

इथे एका परदेशी कंपनीसाठी लाकडी इमारतींचं गणित करणारं सॉफ्टवेअर तयार होई. ज्या थंड देशांत घरंच काय, शाळा, सभागृहं, पोहण्याचे तलावसुद्धा लाकडाच्या तुळयांखाली बांधतात, तिथले इंजिनिअर ते वापरत. तुळई किती जाड हवी, किती वजन पेलेल, हे ते सांगे. नोकरीला लागली तेव्हा गुंजनला याची गंमत वाटली होती : ज्या गावात सिमेंट-लोखंडाशिवाय कुणी साधी मोरी बांधत नाही, तिथे बसून आपण परक्यांची लाकडी छतं उभी करतो. हळूहळू गंमत ओसरली आणि जिव्हाळा आला. लोखंड कुठंही ठेवा, लोखंडच राहतं. लाकूड पाणी पितं, फुगतं, मऊ पडतं. ओलसर जागी त्याची ताकद कमी धरावी लागते. म्हणून ‘ओलसर जागा’ अशी खूण करायची सोय होती. चूक नेमकी तिथे होती, आणि गुंजनची चार वाक्यं तिच्याबद्दलच होती. ही खूण करून मग कुणी ‘इमारतीच्या आत’ हा पर्याय निवडला, की हिशेबातून ओल गुपचूप गळून जायची. पडद्यावर खूण तशीच दिसायची, पण लाकूड कोरडं धरलं जायचं आणि तुळई असते त्याहून बळकट ठरायची. ज्यानं हे लिहिलं त्यानं शेजारी एक शेराही मारून ठेवला होता : आत म्हणजे कोरडं. छप्पर आहे म्हणजे पाऊस लागत नाही, पाऊस लागत नाही म्हणजे लाकूड कोरडं, संपलं. छपराखाली अख्खा तलाव असेल, त्याची कोमट वाफ बाराही महिने तुळयांना लागत राहील, हे त्या माणसाच्या मनातच आलं नसावं. नागपुरात छपराखाली तलाव कोण बांधतो!

पण नागपुरात कूलर असतो. ही चूक गुंजनला सापडली ती कूलरपायीच, आणि ऑफिसात नव्हे, उमरेडला, रुपरावमामांच्या घरी. मामेभाऊ पियुषचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून रविवारी ती एसटीनं गेली होती. मामाजी होणाऱ्या व्याह्यांच्या घोळक्यात बसले होते. तिला पाहताच त्यांनी मांडीवर थाप मारली.

“आली आमची कडीवाली! पाहुण्यांनो, आपापले दरवाजे सांभाळा!”

सगळे हसले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना प्रेमिलामामींनी चहा देता देता किस्सा सांगितला, सांगून सांगून गुळगुळीत झालेला : पोरगी लहानपणी रुसून कूलरच्या खोलीत कडी लावून बसली, अख्खी दुपार कडी काढेना, शेवटी मामाजींनी खांदा मारून दरवाजा उघडला. गुंजनही हसली. इतक्या वर्षांत तिला हसायची सवय झाली होती. मग साड्यांची पिशवी आणायला मामींनी तिला त्याच खोलीत पाठवलं. आत शिरताना तिनं दार मागे लोटलं, आणि परत येताना ते हलेना. कूलर घरघरत होता. वाळ्याचा वास, गार ओलसर भिंती, गादीवरची दमट चादर. तिनं दाराच्या कडेवर तळवा टेकला. लाकूड थंड होतं आणि चौकटीत गच्च बसलं होतं. बाहेर ऊन असं की धुणं दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळावं, आणि इथे दार पाणी पिऊन फुगलेलं. पावसाळ्यात फुगतात ती दारं वेगळी. हे उन्हाळ्यातलं फुगणं, छपराखालचं. तिच्या टेबलावर एक तक्रार पडून होती, कुणा परदेशी इंजिनिअर बाईची, आणि ‘आत म्हणजे कोरडं’ हा शेरा तिनं कितीदा तरी नजरेखालून घातला होता. दाराला तळवा लावून उभी असताना दोन्ही एकदम समोर आले.  दोन्ही हातांनी हिसका देऊन तिनं दार उघडलं आणि पिशवी मामींच्या हातात ठेवली. सोमवारी ऑफिसात जाताच तिनं ती चूक शोधून दुरुस्त केली.

कडीचं ते झालं तेव्हा ती दुसरीत होती, की तिसरीत. वडील, नत्थूजी, एसटीत कंडक्टर. त्यांची बदली लांब झालेली, म्हणून आई, कुसुमताई, तिला घेऊन भावाच्या घरी राहत होती. दुपारी मुलांनी कूलरपाशी झोपायचं असा त्या घराचा दंडक. ती उठली तेव्हा बाकीची पोरं केव्हाच बाहेर पळाली होती. दार ओढलं, उघडेना. तिनं हाका मारल्या. बाहेरून आवाज आला : कडी काढ. लावली नाही, ती म्हणाली. कडी काढ म्हणते न. लावलीच नाही. हळूहळू बाहेर पायांची गर्दी झाली, मामींचा आवाज, शेजारणीचा आवाज, आणि सगळ्यांचं एकच : काढ वं कडी, किती नाटकं करते. तिनं वर पाहिलं. कडी लटकत होती, कोयंड्यापासून दूर, स्वस्थ. ती इतका वेळ कडीकडे पाहत राहिली की तिला स्वतःचीच शंका येऊ लागली. लावली असेल का आपण? लावली असती तर कशी दिसली असती? पाहावं म्हणून टाचा उंचावून तिनं कडी कोयंड्यात घातली, आणि लगेच काढली. लोखंडाचा खणकन आवाज झाला. बाहेर एकच ओरडा : ऐका, ऐका, कडीचा आवाज! आता काय सांगणार? मामाजींनी खांदा मारला तसं दार आत आलं, आणि दारापाठोपाठ मामाजींची थप्पड आली, चारचौघांत. दुसऱ्या दिवशी सुतार आला. दार बिजागरीवरून उतरवलं, कडेला रंधा मारला, परत बसवलं. मग ते एका बोटानं उघडायला लागलं. ती उघडबंद करत राहिली, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. कुणी काही म्हणालं नाही. आई एवढंच म्हणाली, पुरे आता.

जितेंद्र सर वाईट माणूस नव्हते. आल्या आल्या तिला काम शिकवलं ते त्यांनीच. तुळईवर हात ठेवल्यासारखं गणितावर हात ठेवता आला पाहिजे, हे त्यांचंच बोलणं. या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती त्यांनी लिहिली होती. तो शेरासुद्धा त्यांचाच.

“सर, माझी वाक्यं तुम्ही काढली.”

“काढली नाई, छोटी केली.” ते स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले. “चूक दुरुस्त झाली न? तूच केली. मस्त केली. आता बात खतम.”

“पण आधीची गणितं? ज्यांनी तलावांची छतं आपल्या आकड्यांवर बांधली, त्यांना पुन्हा तपासा म्हणून कोण सांगणार?”

“ते लोक तसंही जास्तीचं धरून चालतात. आजवर कुठं काही पडलं का? तू उगीच डर पैदा करून राहिली.”

“पडल्यावर सांगायचं का मग?”

आता त्यांनी खुर्ची वळवली. “हे पाय, गुंजन. आमचा हिशेब चुकत होता असं तू लिहिशीन, आणि तिकडं वकील तयारच बसले आहेत. उद्या काम गेलं तर हा अख्खा मजला रिकामा होईन. सौरवनं आत्ताच कर्ज काढून फ्लॅट घेतला तिकडं बेसाले. त्याले तू जाऊन सांगशीन?”

तिनं केबिनच्या काचेतून पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या सौरवच्या पाठीकडे पाहिलं. तो कानात हेडफोन घालून मान हलवत होता. खरंच, त्याला काय सांगणार?

“तुमच्या घरी कूलर नव्हता का सर, लहानपणी?”

“म्हणजे?”

“कूलरच्या खोलीचं दार फुगायचं नाही का?”

“आमच्याकडं सगळे लोखंडी दरवाजे.” सरांना प्रश्नाचा रोख कळला नाही, पण जरीपटक्यातल्या घराच्या आठवणीनं ते थोडे सैल झाले. “बाबांचं वेल्डिंगचं दुकान होतं न. बरं, जेवण झालं की मंजुरी देऊन टाक. तपासणारी तू आहे, तुझ्या मंजुरीशिवाय आवृत्ती पुढं सरकत नाई, माहीत आहे तुले.”

“काहून देऊ?” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. ऑफिसात ती नेहमी पुस्तकी मराठी बोलत असे, घासून पुसून, उमरेडचा वास येऊ नये म्हणून. सरही दचकले. ती तशीच वळून आपल्या जागेवर येऊन बसली.

माणसाला राग येतो तेव्हा तो एका जागी येतो असं म्हणतात. गुंजनचा तसा येत नव्हता. तो हातात होता, पोटात होता, आणि बराचसा स्वतःवरच होता. नोकरी गेली तर? महिन्याच्या महिन्याला आईला जाणारे पैसे, भाड्याची खोली, वयाच्या या टप्प्यावर पुन्हा कुणाच्या तरी समोर बसून आपली हुशारी सांगणं. आणि समजा, सर म्हणतात तसं, कुठंही काही पडणारच नसेल? ओलीनं ताकद घटते, पण एका दिवसात कुणी कोसळत नाही. तुळया वाकतात, बापड्या सोसत राहतात. म्हणजे सोसतंय तोवर सांगायचं नाही, असाच नियम झाला की. तिनं त्या परदेशी बाईची तक्रार पुन्हा उघडली. त्या बाईनं तीनदा लिहिलं होतं. पोहण्याच्या तलावाचं छत आहे, मी ओलसर जागा सांगते आहे, मी हातानं केलेला हिशेब वेगळा येतो आहे, तुमचा आकडा मोठा येतो. तीनदा इथूनच उत्तर गेलं होतं, गोड, नम्र, एकाच साच्यातलं : आपण माहिती कशी भरली ते कृपया तपासावं. काढ वं कडी. शेवटच्या पत्रात बाईनं लिहिलं होतं, मी पुन्हा सगळं पाहिलं, कदाचित माझंच कुठेतरी चुकत असेल, तसदीबद्दल क्षमा असावी. हे वाक्य गुंजननं याआधीही वाचलं होतं, पण आज ते तिला वाचवेना. त्या पोहण्याच्या तलावाच्या गावात, तिला कधी दिसणार नाही अशा कुठल्या टेबलाशी, एक शहाणीसुरती बाई टाचा उंचावून कडी लावून पाहत होती. तिला स्वतःची शंका यायला लागली होती, आणि ती शंका इथून, या मजल्यावरून, नम्रपणे पाठवलेली होती.

ती जेवायला न जाता खाली उतरली. काचेचं दार बाजूला सरकलं आणि ऊन अंगावर आलं. पार्किंगच्या पत्र्याखाली उभी राहून तिनं आईला फोन लावला.

“जेवली का वं?” आईचा पहिला प्रश्न ठरलेला.

“आई, मामाजीच्या घरी त्या दिवशी मी कडी लावली नव्हती.”

“कोणती कडी?” आई म्हणाली. कोणती ते तिला कळलं होतं. फोनमधून कूलरची घरघर ऐकू येत होती. वडील गेल्यावर आई उमरेडलाच स्वतःच्या दोन खोल्यांत राहत होती, भावापासून हाकेच्या अंतरावर. “मले माहीत आहे,” ती शेवटी म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“कडी लटकून होती ते. दरवाजा उघडला तेव्हा मी मागंच होती न. कडी लावली असती तर कोयंडा उखडला असता. तो तर साबूत होता.”

गुंजनला पत्र्याचा खांब धरावासा वाटला. तो इतका तापलेला होता की हात लागताच तिनं मागे घेतला. “मग तू बोलली काहून नाही?”

“भावाच्या घरी राहून राहिलो होतो आपण, बाई. त्यानं मारलं होतं तुले, साऱ्यांसमोर. मोठ्या माणसाले कोण म्हणन, तुमचं चुकलं? दुसऱ्या दिवशी सुतार आला, दरवाजा चांगला झाला. मले वाटलं, झालं.”

“झालं नव्हतं आई.”

“रडून राहिली का तू?”

“नाही. चिडून राहिली.”

पलीकडे आईनं कूलर बंद केला, घरघर थांबली. मग म्हणाली, “आता चिडून का होते?” आणि उत्तराची वाट न पाहता, “उन्हात उभी नको राहू.” फोन बंद झाला तरी गुंजन थोडा वेळ तिथेच उभी राहिली. आईला ठाऊक होतं, या गोष्टीनं तिला बरं वाटायला हवं होतं. तिला बरं वाटलं नाही. इतकी वर्षं तिला वाटे, त्या दिवशी कुणीच पाहिलं नाही. आता कळलं की पाहिलं होतं, आणि पाहून रंधा मारून घेतला होता. मामाजींनाही ठाऊकच असणार. नाहीतर सुताराला कशाला बोलावलं? दार दुरुस्त करायला सगळे तयार असतात. पोरीला तू खरी होतीस म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. त्यापेक्षा तिला कडीवाली म्हणणं सोपं, लग्नाकार्यात हशाही पिकतो. आता हे बास झालं, ती मोठ्यानं म्हणाली. शेजारी मोटारसायकल काढणाऱ्या माणसानं वळून पाहिलं.

वर येऊन तिनं त्या बाईच्या तक्रारीला उत्तर लिहायला घेतलं. तपासणी करणाऱ्यानं तक्रारीला उत्तर द्यावं हा तिचा हक्क होता, आजवर तिनं तो वापरला नव्हता इतकंच. फार वेळ लागला नाही. आपण माहिती बरोबर भरली होती. चूक आमची होती. आपण ओल सांगितली असतानाही आमचा हिशेब लाकूड कोरडं धरत होता. आधीच्या आवृत्तीवर काढलेली अशी सगळी छतं कृपया पुन्हा तपासा, आणि ज्यांना तुम्ही ओळखता त्यांनाही सांगा. तीनदा आम्ही तुम्हाला चुकीचं ठरवलं, याची लाज वाटते. हे शेवटचं वाक्य ऑफिसच्या पत्रात शोभत नाही हे तिला कळत होतं. तिनं ते ठेवलं. प्रत जितेंद्र सरांना, प्रत परदेशी कंपनीच्या मुख्य माणसाला. पाठवायच्या बटणावर तिनं मघाशी खांबानं भाजलेल्या हाताचं बोट ठेवलं. तिनं बटण दाबलं. मग ती किरकोळची ओळ पुसली आणि आपली चार वाक्यं पुन्हा होती तिथे बसवली.

सर धावत आले नाहीत. चालत आले, आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे राहिले. सौरवनं हेडफोन काढले.

“हे काय केलं तू?”

“उत्तर दिलं, सर. त्या बाई खूप दिवस दाराआड उभ्या होत्या.”

“आता मी नाई वाचवू शकत तुले.”

“वाचवू नका. ही वाक्यं राहिली तर मंजुरी आत्ता देते. ती किरकोळची ओळ परत आली तर मले काढा आणि दुसऱ्याची घ्या. पत्र तर गेलं आहे.” मले, ती म्हणाली होती. सुधारलं नाही.

सरांचं लक्ष तिच्या पडद्यावर होतं. तिथे तो जुना शेरा उघडा होता, खाली त्यांचं नाव, त्यांच्या तरुणपणातलं. “नाव लिहिलं का माझं?” त्यांनी हळू विचारलं.

“नाही. ‘आमची’ लिहिलं.”

 “छताखालचा तलाव मी पाह्यलाच नव्हता तेव्हा,” ते म्हणाले, तिला की स्वतःला ते कळलं नाही. “आजही नाई पाह्यला.” मग ताठ झाले. “सोमवारी वरचे लोक बोलावतील तुले. तयारीनं ये.”

“येईन.”

ते केबिनमध्ये गेले. तिनं वाट पाहिली. वाक्यं जागची हलली नाहीत. तेव्हा तिनं मंजुरी दिली आणि सौरवकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली आणि हेडफोन परत कानाला लावले. त्याचा तिला राग आला नाही.

संध्याकाळच्या बसमध्ये तिनं फोन पाहिला. ‘पियुषचं शुभमंगल’ या घरच्या ग्रुपवर मामाजींनी लग्नाच्या हॉलचे फोटो टाकले होते, आणि खाली : ‘कडीवालीले सांगा, हॉलच्या खोल्यांना कडी नाही!’ पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मामींचे, मावशांचे, मुंबईच्या काकांचे. गुंजननं टाइप केलं, ‘मामाजी, मी कडी लावली नव्हती. दरवाजा कूलरनं फुगला होता. दुसऱ्या दिवशी तुम्हीच रंधा मारून घेतला.’ वाचून पाहिलं आणि पाठवलं. हसरे चेहरे थांबले. कुणीतरी लिहायला लागलं, थांबलं, पुन्हा लागलं. पियुषनं लिहिलं, ‘ताई, लग्न आहे यार.’  खिडकीतून गरम वारा येत होता. तेवढ्यात वर आईचं नाव दिसलं. आई त्या ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं पाठवण्यापलीकडे कधी काही करत नसे. एका बोटानं अक्षरं शोधत ती लिहीत असणार, खूप वेळ लिहीत होती. बस उड्डाणपुलावर चढली तेव्हा ओळ आली.

‘पोरगी खरं बोलून राहिली दादा. कडी लटकून होती. मी पाह्यली होती.’

वर आता मामाजींच्या नावापुढे ते लिहीत असल्याची खूण दिसू लागली. गुंजननं फोन बंद केला नाही. तो तसाच उघडा मांडीवर ठेवून ती उत्तराची वाट पाहत बसली.